टिकलीचा चीक

सरका पलीकडं. आणि मन्या, तो पाय आधी माझ्या पोटावरून काढ. हं. आज राजाची गोष्ट नाही. राजाला काय, सकाळी उठून शेण काढावं लागत नाही. आज एका कासारणीची सांगते. जरा रडकी आहे, आधीच सांगून ठेवते. ज्याला नको असेल त्यानं कानावर गोधडी ओढावी.

तर एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक कासारीण राहायची. गोजराबाई तिचं नाव. कासारीण म्हणजे माहीत आहे ना? बांगड्या भरणारी. डोक्यावर पेटारा घ्यायची आणि सात गावं पायी फिरायची. नवरा कधीच देवाघरी गेलेला, पोटी मूल नाही. पण सात गावांतल्या पोरींचे हात तिच्या हातातून गेलेले. कितीही आवळ बांगडी असो, ती पोरीचा पंजा असा दाबायची, बोटं अशी गोळा करायची, आणि गप्पा मारता मारता बांगडी मनगटात. पोरीला कळायचंसुद्धा नाही.

हात मोठे गुणाचे, बरं का. पण जिभेत एक खोट होती. गोजराबाईला कुणाला 'नाही' म्हणता यायचं नाही. कुणी म्हणालं, मावशी, जातेच आहेस तर माझ्या लेकीला एवढा निरोप दे, की ही दोन कोस वाट वाकडी करून जायची. कुणी म्हणालं, राहा की आज, दळण पडलंय, की ही जात्यावर बसायची. लोक म्हणायचे, गोजरा म्हणजे सोनं. आता सोन्याचं काय होतं? येईल तो घासून बघतो.

मग वीस वर्षं चालून चालून तिचे गुडघे गेले. पेटारा डोक्यावर चढेना. तिनं तो पुतण्याला देऊन टाकला आणि आता खायचं काय, म्हणून उंबऱ्यात बसून राहिली.

तिकडं डोंगरावर धुळाप्पा नावाचा एक म्हातारा गवळी होता. त्याच्या लेकीसुनांचे हात गोजराबाईनंच भरलेले. तो आता थोरल्या लेकीकडं राहायला परमुलखात निघाला होता. सगळी गुरं त्यानं वाटून टाकली. एक गाभण गाय राहिली. पवळी. तांबूस रंगाची, गरीब, हे एवढाले डोळे. ती त्यानं गोजराबाईच्या दारात आणून उभी केली.

गोजराबाई म्हणाली, "बाप्पा, मला गुरांतलं काय कळतंय? मी आयुष्यभर काचा विकल्या."

"शिकशील," धुळाप्पा म्हणाला. "तीन गोष्टी ध्यानात ठेव. तिच्यापुढं आवाज चढवू नगं. दावं सैल बांध. आन ती व्याली की आधी वासरू, मग बाकी दुनिया. खुद्द देव तांब्या घेऊन आला तरी आधी वासरू. कळलं?"

गोजराबाईनं मान हलवली. तिला वाटलं, दावं बांधणं अवघड आहे, तिसरं काय, सोपंच आहे. धुळाप्पानं पवळीच्या कपाळावर हात ठेवला, मागं वळून न बघता चालू लागला, आणि परत कधी त्या मुलखात दिसला नाही.

मग गोजराबाईनं गाय पाळायला घेतली. काय काय चुकली म्हणून सांगू! दाव्याला अशा गाठी मारल्या की सकाळी सुटेनात, विळ्यानं दावं कापावं लागलं. दवात भिजलेलं गवत घातलं, गाईचं पोट फुगलं. थंडी वाजेल म्हणून स्वतःची गोधडी तिच्या अंगावर टाकली, पवळीनं ती निम्मी चघळली. आळीतल्या बायका पोट धरधरून हसल्या. पण हसता हसता त्याच मदतीला आल्या. कुणी मेढी रोवल्या, कुणी पाला आणला, आणि दोन दिवसांत सगळ्यांनी मिळून तिचा गोठा शाकारून दिला. माणसं वाईट नव्हती हो. कुणीच वाईट नव्हतं, तेच तर सांगायचंय.

संध्याकाळी गोजराबाई पवळीची मान खाजवायची आणि नव्या नवरीशी बोलावं तशी बोलायची. "भिऊ नगंस बाई. अंग सैल सोड. मी हाय न्हवं."

आणि एका पहाटे पवळी व्याली. कालवड झाली. कालवड म्हणजे गाईची लेक. तांबूस, ओली, आणि कपाळावर मधोमध पांढरा ठिपका. गोजराबाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्या लेकी बघितल्या होत्या. ही तिच्या घरी आली. तिनं नाव ठेवलं टिकली. पवळी टिकलीला चाटत होती, टिकली उठायला बघत होती, पुढच्या गुडघ्यांवर पडत होती, आणि गोजराबाई कुडाला टेकून रडत होती. आनंदानं, बरं का. तेवढाच एक आनंद आहे या गोष्टीत, नीट बघून घ्या.

आता चीक म्हणजे काय ते ऐका. गाय व्याली की पहिले दोन-तीन दिवस घट्ट, पिवळसर दूध येतं, तो चीक. तुम्ही बोटं चाटत खरवस खाता ना, तो त्याचाच. पण देवानं तो खरवसासाठी केलेला नाही. वासराच्या अंगात धग धरते ती त्या चिकानं.

टिकली अजून धड उभी राहिली नव्हती, तोच दारात पितळेचा तांब्या वाजला. बयाक्काची सून आली होती. बयाक्का म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई. महिनाभर अंथरुणाला खिळलेली.

सून म्हणाली, "मावशी, आत्याबाईंचा जीव खरवसात अडकलाय. काल रात्रीपासनं तेच धरून बसल्यात. पहिल्या धारंचा, म्हणत्यात. आज हायेत, उद्या न्हाईत."

गोजराबाईला धुळाप्पाचे शब्द आठवले. तोंड उघडलं तिनं. पण मरणाच्या दारातल्या म्हातारीला नाही कसं म्हणायचं? तिला वाटलं, एक तांब्या तर आहे. गाईच्या कासेत काय कमी आहे? पंजा दाबायची सवय होतीच, धार लगेच लागली. तांब्या भरला. उरलेलं टिकलीला पाजायला गेली, तर दोन चोखण्यांत आचळ मोकळं झालं.

मग संध्याकाळी दुसरा तांब्या आला. शेजारची रंगू. पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली, पोट हे एवढं. लाजत लाजत म्हणाली, "मावशी, मला खरवसाचे डोहाळे लागलेत." तिच्या लग्नातला चुडा गोजराबाईनंच भरला होता. पोटुशी बाईला का कुणी रिकामं पाठवतं? गेला तो तांब्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी आळीच आली. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात गडू. एकीनं मेढी रोवलेल्या, एकीनं पाला वाहिलेला. कुणी मागितलंसुद्धा नाही, नुसत्या हसत उभ्या राहिल्या. ज्यांनी गोठा शाकारला त्यांना नाही म्हणायचं? गोजराबाईला वाटलं, यापेक्षा जमीन फाटावी. सगळ्यांच्या वाट्या भरल्या. टिकली कोपऱ्यात बसली होती. तिच्या वाट्याला फेस आला.

त्या दिवशी गावभर खरवसाचा वास. वेलदोडा, गूळ. एका शेजारणीनं गोजराबाईलाच एक वडी आणून दिली. तिनं ती खाल्ली. छान झाली होती. पुढं जन्मभर ती वडी तिच्या घशात राहिली.

तिसऱ्या दिवशी टिकलीचे कान गार पडले. चौथ्या दिवशी तिनं मान टाकली. गोजराबाईनं तिला मांडीवर घेतलं, उरलंसुरलं अंगावरचं पांघरूण घातलं, पाय चोळले, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायला बघितलं. दूध गालावरून ओघळलं. ऊन वर यायच्या आत टिकली गेली.

छबू, रडू नकोस. मी म्हटलं होतं रडकी आहे म्हणून. पुढं ऐक.

पवळी दिवसभर हंबरली. आणि तिनं पान्हा चोरला, दूध सोडेना. आचळाला हात लावू देईना. कास दगडासारखी झाली, गाय तापली. मग कुणीतरी येसूदादाला बोलावलं. येसूदादा गावाच्या कडेला राहायचा, मेल्या गुरांचं कातडं काढायचा, कमवायचा. त्याला गुरांचं जेवढं कळायचं तेवढं गावात कुणाला कळायचं नाही. त्यानं टिकलीच्या पोटावर हात फिरवला.

"हिच्या पोटात चीक गेला न्हाई," तो म्हणाला.

दारात बायका उभ्या होत्या. एकेक करून त्या घरी गेल्या.

येसूदादा म्हणाला, "गोजरे, आता गाय तरी वाचव. कासंत दूध साकळलं तर तीबी जाईल. मी कातडं काढून मीठ लावून वाळवतो. तू आत पेंढा भर, शिव, आन तिच्याफुडं उभं कर. ती चाटंल, पान्हा सोडंल. समदे असंच करत्यात."

"तिला कळायचं न्हाई?"

"कळतं की. पर चाटायला कायतरी लागतं."

मग गोजराबाईनं ते केलं. पेंढा भरला. टाके घातले, बारीक, जवळजवळ. डोळ्यांच्या जागी मोकळं दिसायला लागलं, तिला बघवेना. तिनं जुन्या डबीतून दोन हिरवे काचेचे मणी काढले आणि तिथं शिवले. चार काठ्यांवर ते वासरू गोठ्यात उभं केलं. पवळीनं हुंगलं. लांब श्वास सोडला. आणि चाटायला लागली. पान्हा सुटला, दूध आलं, तापही उतरला.

पण नवंच झालं. पवळी त्या पेंढ्याच्या टिकलीपासून हलेना. चाटायची, चाटायची, आणि पुढ्यातल्या कडब्याला तोंड लावायची नाही. पाणीही नाही. एक दिवस गेला, दोन गेले. बरगड्या दिसायला लागल्या. येसूदादानं बघितलं आणि मान हलवली. म्हणाला, "चार दिस. लई तर पाच."

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला गोजराबाई दिवा घेऊन गोठ्यात गेली, तर बारीक आवाज आला.

"आजे."

गोजराबाईनं इकडं तिकडं बघितलं.

"आजे, भूक लागली."

पेंढ्याची टिकली बोलत होती. हिरवे डोळे दिव्यात लुकलुकत होते. गोजराबाई भ्याली का? नाही भ्याली. तिला वाटलं, बोलणारच. माझ्याशी नाही तर कुणाशी बोलणार?

टिकली म्हणाली, "मी उपाशी हाय म्हणून आई जेवत न्हाई. मी जेवले की मी निजंन. मी निजले की आई जेवंल."

गोजराबाई धावत आत गेली आणि त्या वेळचं दूध होतं ते तांब्याभर घेऊन आली. टिकलीच्या तोंडात ओतलं. दूध पेंढ्यातून झिरपलं, टाक्यांतून गळलं आणि खालच्या मातीत गेलं.

"हे न्हवं, आजे. हे समद्यांचं दूध. मला माझा चीक पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई तांब्या घेऊन निघाली. दिलेलं परत मागायला. आधी बयाक्काकडं गेली. बयाक्का अंथरुणात उठून बसलेली, चांगली टवटवीत. "तुझ्या खरवसानं जीव राहिला गं माझा," ती म्हणाली. "आणखी हाय का?" मग रंगूकडं गेली. रंगू बाळंत झालेली, कुशीत लेक. गोजराबाईनं काय मागितलं ते ऐकून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. पण पाण्याचा चीक होत नाही. मग आळीत दारोदार गेली. कुणी म्हणालं, कासारीण खुळावली. कुणी दार लोटून घेतलं. एका घरी परात घासायची राहिली होती, तिच्या काठाला सुकलेला खरवस चिकटलेला. गोजराबाईनं तो नखानं खरवडला, चिमूटभर निघाला, आणि पदराच्या टोकाला बांधून घरी आणला.

टिकलीनं तो ओठांवर धरला. पडला.

"हा शिजला, आजे," ती म्हणाली. "शिजलेल्याचं परत दूध न्हाई व्हत."

पवळी आता बसून होती. उठायची ताकद नव्हती, बसल्या बसल्या मान वर करून चाटत होती. चाटून चाटून टिकलीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका विरळ झाला होता.

मग त्याच्या दुसऱ्या दिवशी कानावर आलं, की तिसऱ्या गावात एक गाय व्यायला झालीय. गोजराबाईनं गुडघ्यांना फडकी बांधली, तांब्या घेतला आणि निघाली. जी वाट ती पूर्वी गाणं म्हणत चालायची, तीच वाट. आता दर शेताला बसावं लागत होतं. पोचली तेव्हा दुपार कलली होती.

घर होतं महिपती आणि पारू या जोडप्याचं. नवा संसार, नवी गाय. त्यांनाही गुरांतलं काही कळत नव्हतं. गाय नुकतीच व्याली होती. पारूनं गोजराबाईला बघितलं आणि तिला काय आनंद झाला!

"मावशी! माझा लग्नातला हात तुम्ही भरला. आन आज बरोब्बर आलात." आणि गोजराबाईनं काही मागायच्या आत तिनं स्वतःचा तांब्या पुढं केला. काठोकाठ भरलेला. "पहिल्या धारंचा हाय. म्हटलं, पहिल्यांदा जो दारात येईल त्याला द्यायचा. घ्या."

गोजराबाईनं तांब्या हातात घेतला. ऊन होता. घट्ट, पिवळाधमक. तिला वाटलं, झालं. माझी पवळी वाचली. टिकली निजेल. आता फक्त घरी जायचं.

आणि जाता जाता तिनं मागं बघितलं. गोठ्याच्या कोपऱ्यात वासरू होतं. काळं, ओलं. उठायला बघत होतं. पुढच्या गुडघ्यांवर पडत होतं. कुणाचं लक्ष नव्हतं.

बराच वेळ ती तशीच उभी राहिली, बरं का. मी तिला दोष देणार नाही. घरी स्वतःची गाय मरायला टेकलेली. हातात औषध. देणारी आपण होऊन देतेय. मागितलंसुद्धा नाही. ते वासरू काय, तिचं थोडंच होतं?

"न्हाई," गोजराबाई म्हणाली.

शब्द असा निघाला, जशी गंजलेली कडी निघते. आयुष्यात पहिल्यांदा.

पारू म्हणाली, "आँ?"

"न्हाई. मला नगं. कुणालाच देऊ नगंस. तीन दिस कुणी तांब्या घेऊन आलं, देव आला, बाप आला, तर न्हाई म्हण. ओत हा त्याच्या तोंडात. आन त्याला उचल आन आचळाला लाव. अगं बघत काय बसलीस, उचल!"

तिनंच त्या काळ्या वासराला उचललं. गुडघे करकरले. तांब्यातलं बोटानं पाजलं, मग वासराचं तोंड आचळाला लावलं. आधी त्याला कळेना. मग कळलं. मग जे ढुशी देऊन प्यायला लागलं! गोजराबाई ते पोट भरेपर्यंत तिथंच बसली. मग रिकामा तांब्या घेऊन परत निघाली. वाटेत रडली, हो. रडणार नाही तर काय करणार? पवळीला काय तोंड दाखवणार होती ती?

दिवेलागणीला घरी आली. पवळीनं मान जमिनीला टेकली होती. जीभ तेवढी हलत होती.

"आणलास, आजे?" टिकलीनं विचारलं.

"न्हाई."

"नव्हता?"

"व्हता. हातात व्हता. ऊन व्हता."

"मग?"

"तिथं एक वासरू व्हतं, बाय."

गोजराबाई खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, आता ही रागावेल. रागावू दे. माझं कर्म.

टिकली म्हणाली, "प्यालं का ते?"

"प्यालं."

"कसं प्यालं?"

"आधी त्याला उठताच येईना. पडलं. परत उठलं, परत पडलं. मी धरून उभं केलं. मग आचळ हुडकलं त्यानं. चुकून माझं बोटच चोखलं. मग सापडलं. मग ढुशी दिली, अशी. तोंडाला फेस. शेपूट हे असं हलत व्हतं."

"शेपूट हलत व्हतं?"

"व्हय. सारखं."

"आजे, परत सांग."

गोजराबाईनं परत सांगितलं. उठलं कसं, पडलं कसं, ढुशी कशी दिली. पवळीची जीभ थांबली होती. तीही ऐकत होती, असं गोजराबाईला वाटलं. टिकलीचा आवाज आता जड झाला होता.

"परत सांग, आजे. शेपटीचं सांग."

मग तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. हळू. तुमच्यापुढं सांगते ना, तसं. फेस कसा आला, पोट कसं तट्ट फुगलं, आणि शेपूट कसं हललं, हललं, आणि मग पोट भरल्यावर कसं थांबलं. सांगून झालं तेव्हा टिकली काही बोलली नाही. तिच्या मानेखालचा एक टाका सुटला. मग दुसरा. चारही काठ्या कलल्या, आणि पेंढ्याची टिकली कुशीवर आडवी झाली, जशी वासरं निजतात तशी. पोटातला पेंढा हळूहळू बाहेर आला.

पवळीनं मान उचलली. हुंगलं. एकदा गोजराबाईकडं बघितलं. आणि पुढ्यात पडलेल्या त्या पेंढ्याची एक काडी तिनं तोंडात घेतली. चावली. मग दुसरी घेतली. मग घासभर घेतला.

गोजराबाई तिथंच बसून राहिली. गाय आपल्या लेकीच्या पोटातला पेंढा खात होती आणि जगत होती. ते बघणं काही सोपं नव्हतं. पण तिनं तोंड फिरवलं नाही. शेवटची काडी संपेपर्यंत बघितलं. मग ते रिकामं कातडं तिनं लिंबाच्या झाडाखाली पुरलं आणि हिरवे मणी धुऊन डबीत ठेवले.

पवळी बरी झाली. हळूहळू, पण झाली. वर्ष गेलं, आणखी काही महिने गेले, आणि ती परत व्याली. खोंड झाला. गोजराबाईनं ते दोन हिरवे मणी दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधले. आणि दारात तांब्या वाजला.

बयाक्काची सून! होय, म्हातारी अजून होती. म्हणाली, आत्याबाई परत अंथरुणाला खिळल्यात. मागनं रंगू आली, दुसऱ्यांदा पोटुशी. तिच्या मागनं आळी, वाट्या घेऊन. गोजराबाई गोठ्याच्या दारात आडवी बसली. पाय पसरून, वाट अडवून.

"आज न्हाई," ती म्हणाली. "आधी वासरू. उरलं तर चौथ्या दिवशी मी घरी आणून दीन."

"आन तंवर आत्याबाई गेल्या तर?"

"तर त्यांच्या तेराव्याला वासरू घिऊन यीन. पर न्हाई."

बायका फुगल्या. तीन दिवस आळीत कुणी तिच्याशी बोललं नाही. कुणी म्हणालं, गाय झाली आणि कासारीण माजली. एकीनं तर उसनी नेलेली सुपली दारात आपटली. गोजराबाईला फार वाईट वाटलं. रात्री जेवण गेलं नाही. तरी ती दारातून उठली नाही. खोंड पीत होता, ढुशा देत होता, गळ्यातले मणी वाजत होते.

चौथ्या दिवशी उरलेला पातळ चीक तिनं घरोघर नेऊन दिला. वाटीवाटीनंच, पण सगळ्यांना. त्याचा खरवस धड जमेना, थलथलीत झाला. बयाक्का जिवंत होती, तिनं चमचाभर तोंडात घातला, जिभेवर घोळवला आणि म्हणाली, "गोजरे, मागच्यासारखा न्हाई झाला गं."

"व्हय आक्का," गोजराबाई म्हणाली. "मागच्यासारखा न्हाई झाला."

मग हळूहळू आळी बोलायला लागली. सुपली परत मागायला आली ती बोललीच की. पुढं त्या सात गावांत रीतच पडली. गाय व्याली की आधी वासरू, मग तांब्या. पवळीला पुढं चार वासरं झाली, चारही जगली. नवं जनावर घेणारा जो तो गोजराबाईला विचारायला यायचा, आणि ती सांगायची, दावं सैल बांध आणि 'नाही' घट्ट धर. गाय सुखात राहिली, वासरं सुखात राहिली, गोजराबाईही राहिली, जितकं राहता आलं तितकं. खरवस मात्र तिनं परत कधी खाल्ला नाही.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा. काय म्हणतेस छबू? परत? अख्खी? नाही. अजिबात नाही. बघ, मलाही म्हणता येतं.

बरं, शेपटीचं तेवढं सांगते. पण डोळे मिटून ऐकायचं. एक वासरू होतं. काळं, ओलं. उठलं, पडलं. परत उठलं. कुणीतरी त्याला धरलं. मग त्याला आचळ सापडलं, आणि ते प्यायला लागलं. शेपूट हललं. हललं. पोट भरलं. आणि थांबलं.

निजा आता.